मागाच्या जागी

माग भंगारात गेला तेव्हा
काट्यावर सहाशे वीस किलो भरला.
धोटा लाकडाचा. तो भंगारवाल्यानं परत दिला,
"ह्याचं मी काय करू मामा, ठेवा तुम्हीच."
छपराचे निम्मे पत्रे त्याच गाडीतून गेले.

आता वडगावच्या ह्या शेडात
अकरापर्यंत ऊन पडतं, मग सावली.
नीलव्वानं भिंतीवरून डोकावून बघितलं,
बोट दाखवलं: ही जागा कनकांबराची.
आम्ही तिला अबोली म्हणतो.

जमीन मात्र तेल प्यालेली.
पस्तीस वर्षं थेंब थेंब.
हातभर खणलं तरी कुदळीला वंगणाचा वास,
ढेकूळ फोडलं तर आत जरीचा तुकडा,
काळा पडलेला.
रेणुका म्हणाली, कुंड्या घ्या की सरळ.
मी खानापूर रोडवरनं तांबडी माती आणली,
सात पोती, सायकलवर, सात खेपा.
शेणखत नीलव्वाच्या गोठ्यातलं.
आणि धोट्याचं पोलादी टोक मातीत दाबून
वीत वीत अंतरावर भोकं पाडली.
नेम अजून चुकत नाही.

पहिली बारा रोपं गेली.
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
मग एक दिवस माना खाली.
उपटून बघितलं तर मुळांना गाठी.
गाठ मारणं हा माझा धंदा.
तुटलेला धागा दोन बोटांत धरायचा, पीळ द्यायचा,
पदरावर शोधून सापडायची नाही.
पण ह्या गाठी सोडवायच्या कशा
हे कुणी शिकवलं नव्हतं.
रोपं जाळली. माती उलथून
सगळा एप्रिल उन्हात पडू दिली.

दुसऱ्या खेपेला मधे मधे झेंडू लावला.
हेही नीलव्वाचंच.
ती भरभर कानडीत बोलते, मी तिचे ओठ बघतो.
माझे कान मागानं नेले, डावा आधी.
ओठांवर दोन्ही भाषा सारख्याच अवघड.
पाणी घालताना तिचा पंजा आडवा येतो,
"साक्री, साक्री."
एवढं कळतं. मी झारी सरळ करतो.

कणीस खालून फुलत जातं.
रोज एक पायरी, कधी दोन,
शेंदरीही नाही आणि गुलाबीही नाही असा रंग.
ह्या रंगाचं सूत मी एकदाच चढवलं होतं,
हुबळीच्या व्यापाऱ्यानं माल परत पाठवला.
कनक म्हणजे सोनं, अंबर म्हणजे कापड,
नीलव्वाच्या नातवानं पाटीवर लिहून दाखवलं.
मी नुसतं बघत बसलो.
माझ्या धंद्याचं नाव
भिंतीपलीकडं ह्या फुलाला दिलेलं होतं,
आणि माझ्या कानांचं, अलीकडं.

वास नाही हिला. तोडली तरी दोन दिवस टिकते.
मंगळवारी नि शुक्रवारी नीलव्वा हातभर माळ नेते,
उरलेली रेणुका. पैसे कुणी काढत नाही,
वाळकी कणसं खुडायचं काम माझं.
ती ठेवली तर झाड आळसावतं.
पण एका रांगेतली मी मुद्दाम ठेवली, बियाण्याला.

काल नीलव्वा आली, तांब्या घेऊन.
माझा हात उलटा केला,
तळव्यावर तीन वाळकी बोंडं ठेवली,
दोन बोटं भिजवून वर थेंब सोडले
आणि थांब अशी खूण केली.
पोरगा आधीच हसत होता, त्याला ठाऊक होतं.
बराच वेळ काही नाही.
मग तळव्यात फट्‌कन
काहीतरी सुटलं,
खटक्यानं धोटा सुटतो तसं,
बी उडून पत्र्यावर गेलं.
आवाज पोरानं ऐकला.
मला तो हाडात लागला, मनगटापर्यंत.
परत एक.
परत.

आणखी, मी म्हणालो.
मोठ्यानं म्हणालो असणार,
कारण नीलव्वानं एक कान झाकला
आणि दुसऱ्या हातानं
आणखी दोन बोंडं दिली.